मोगऱ्याला कळीसुद्धा नव्हती

नारी रोड, नागपूर
१८ जून

प्रिय मेघा,

जय भीम. फोनवर तुला माझं बोलणं कळत नाही आणि मला तुझ्या कानातल्या मशीनची शिट्टी सहन होत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण माझा मोबाइल दिवसभर यांच्या हातात असतो. रोपांचे व्हिडिओ बघतात. आणि मला जे लिहायचंय ते यांच्याचबद्दल आहे.

खापरखेड्याच्या कॉलनीत आपण इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. यांचा स्वभाव तुला वेगळा सांगायला नको. ड्युटीवरून आले की सायकल लावायच्या आधी फाटकातून ओरडायचे, "नंदा, आज सुकट!" आणि तू तुझ्या खिडकीतून हसायचीस. रिटायर होऊन नागपूरला आलो तरी ती सवय गेली नव्हती. आता गेली. आता जेवायला बसतात आणि ताटाकडे बघून विचारतात, "काय केलं आज?" डोळ्यांसमोर वाढलेलं असतं, तरी.

जानेवारीत आम्हा दोघांनाही ताप आला होता, त्यानंतर यांनी हे बागेचं वेड घेतलं. आधी मला बरं वाटलं. रिकामा माणूस घरात नुसता फिरत राहण्यापेक्षा गच्चीवर माती कालवलेली बरी. पण बाग कशी केली आहे ते ऐक. मोगरा, जाई, रातराणी, सोनचाफा, मरवा, पुदिना, गवती चहा, पानओवा. दर आठवड्याला नवीन कुंडी. मी म्हटलं, दोन वांग्याची लावा, दोन टमाट्याची लावा, घरात कामी येतील. तर म्हणाले, "त्याचा काय उपयोग?" आता बोल! वांग्याचा काय उपयोग, हे मला माझ्या नवऱ्यानं विचारावं!

परवा माझी वांग्याची भाजी जळाली. आमच्या लेकीचा, हिमानीचा हैदराबादहून फोन आला, मी बोलत राहिले, आणि कढई पार काळी झाली. वरवरची काढून मी भीत भीत वाढली. यांनी खाल्ली आणि म्हणाले, "वा, मस्त झाली." वर ठेचा मागितला. हल्ली प्रत्येक घासाला ठेचा लागतो.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण काल खताच्या पोत्यामागे मला अत्तराच्या कुप्या सापडल्या. चार. मेघा, मी जन्मात अत्तर लावलेलं नाही, तुला माहीत आहे. शिवाय हे दिवसातून तीनदा आंघोळ करतात आणि शर्ट बदलतात. विचारलं तर म्हणाले, उमस किती आहे! उमस आहेच, कूलर लावला तर चादर ओली होते आणि बंद केला तर अंग. पण उमस काय यंदाच आली? आणि स्वतःची खाट यांनी पुढच्या खोलीत नेली आहे. "तुले झोप येत नसन माझ्यामुळे," एवढंच म्हणाले.

मला काही समजत नाही. तू बाहेरून बघणारी आहेस, तुला काय वाटतं ते खरंखरं लिही. अनंतभाऊजींना जय भीम सांग.

तुझी
नंदू

---

पारशिवनी
२९ जून

नंदू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. यांनी विचारलं काय लिहिते, मी म्हटलं बागेचं लिहिते. खोटं नाही ना ते.

आता तू खरं सांग म्हणून राहिली तर ऐक. रागावू नको. अत्तर आणलं, तीन तीन वेळा आंघोळ, धुतलेला शर्ट, खाट अलग. अन् जळकी भाजी खाऊन वा वा करते माणूस. नंदू, माणूस घरच्या जेवणाले काहून नावं ठेवत नाही? मन दुसरीकडं असन तेव्हाच ठेवत नाही. आमच्या गल्लीत एकाचं असंच झालं होतं. बायकोले वाटे, किती गुणाचा झाला! अन् तो सावनेरले दुसरं बिऱ्हाड करून बसला.

मी म्हणत नाही की प्रेमानंदभाऊजी तसे आहेत. मले तर विश्वासच नाही बसून राहिला. पण अत्तर कोणासाठी आणलं, हे तर विचारशील की नाही? विचारता येत नसन तर पाहून घे, कुठं जातात. तू मास्तरीण होती ना वं, पोट्ट्यांच्या खिशातून चिंचा काढत होती. नवऱ्याचं काही काढता येत नाही तुले?

इकडं धानाच्या अन् कापसाच्या पेरणीची सगळ्यांची घाई सुरू आहे. माझे कान तसेच आहेत. मशीन घातलं की भांडी वाजलेली ऐकू येतात, माणसं नाही.

लवकर लिही. माझा जीव तुझ्याकडं लागला.

मेघा

---

नागपूर
१४ जुलै

प्रिय मेघा,

तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर रागावले आणि मग तू सांगितलंस तेच केलं. विहारात जाते सांगून निघाले आणि यांच्या ऑटोच्या मागे ऑटो घेतला. या वयात! ऑटोवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी पदर ओढून बसले होते.

हे आधी धरमपेठेपलीकडच्या एका नर्सरीत गेले. तिथे कोणी बाई नव्हती. नुसती झाडं. हे एकेक पान तोडायचे, चोळायचे, नाकाशी धरायचे आणि टाकून द्यायचे. माळ्यानं दोनदा टोकलं. काही न घेता निघाले ते मोमिनपुऱ्यात अत्तराच्या दुकानात. मी शेजारी बांगड्या बघत उभी राहिले. दुकानदार एक कुपी उघडायचा, यांच्या मनगटाला लावायचा. हे हुंगायचे आणि म्हणायचे, "और तेज दिखाओ."

शेवटी तो म्हणाला, "चाचा, इससे तेज तो आँख में पानी ला देगा."

"वही दो."

त्यानं लावलं. मला चार हातांवर वास आला, डोकं गच्च झालं. हे मनगट नाकाशी धरून किती तरी वेळ उभे होते. मग हात खाली केला, धन्यवाद म्हणाले आणि रस्त्यावर आले. मेघा, यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. सासूबाई गेल्या त्या दिवशी असा होता. मी पुढे होऊन हात धरणार होते, पण काय सांगणार? मागे मागे आले म्हणून? बांगड्या घेऊन घरी आले.

म्हणजे बाई नाही. तेवढं बरं झालं, असं म्हणून मी एक रात्र शांत झोपले. आणि आता दुसरंच काही झालं आहे.

रविवारी खाली राहणारी रितिका वर आली. नाकाला ओढणी. "काकू, तुमच्या गच्चीवर काही मेलंय का हो? जिन्यात उभं राहवत नाही." मलाही सकाळपासून शंका येत होती. आम्ही दोघी वर गेलो. हे पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. एकदम निवांत. आणि टाकीमागे, यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर, मेलेली घूस. फुगलेली. पावसात भिजलेली. मला उलटी यायची बाकी होती.

आम्हाला बघून हे उठले आणि हसून म्हणाले, "ये वं रितिका, ये. पाह्य, मोगऱ्याचा काय छान वास सुटला."

मोगऱ्याला कळीसुद्धा नव्हती, मेघा. पावसानं नुसती पानं माजली आहेत. रितिका माझ्याकडे बघत राहिली आणि मी जमिनीकडे. घूस दाखवली तेव्हा हे लाल झाले. स्वतः फावड्यानं उचलली, पुरली, आणि मग परत आंघोळ.

हे माझी थट्टा करतात का? की डोक्याला काही झालं आहे? हिमानीला सांगू का? ती उद्याच्या उद्या विमानानं येईल आणि यांच्या दवाखान्याच्या चकरा सुरू होतील. म्हणून आधी तुला लिहिते.

नंदू

---

पारशिवनी
२५ जुलै

नंदू वं,

बाई नाही हे वाचलं अन् मी मनातल्या मनात भाऊजींची माफी मागितली. पुढचं वाचलं अन् मनात धस्स झालं.

तुले आठवते का माझे सासरे? पोटच्या पोरीच्या, बायजाबाईच्या लग्नात मांडवात उभे राहून विचारत होते, लग्न कोणाचं आहे. त्याची सुरुवात अशीच झाली होती. आधी जेवणाची चव समजेना. मग नाही ते दिसाले लागलं, आहे ते दिसेना. आम्ही हसून घालवलं. एक वर्ष आमचं असंच हसण्यात गेलं. तसं तू करू नको.

आधी घरच्या घरी पाहून घे. वार विचार, तारीख विचार, जुन्या गोष्टी विचार. वस्तू इकडची तिकडं ठेव अन् पाह्य, गडबडतात का. पण त्यांना कळू देऊ नको. माणसाले असं कोणी तपासून राहिलं हे समजलं की तो आतून बंद होते. सासऱ्यांचं तसंच झालं होतं.

अन् हिमानीले एवढ्यात नको सांगू. आधी आपली खात्री होऊ दे.

माझ्या मनात इकडं रात्रंदिवस तुझंच येऊन राहिलं. यांना विचारलं, तर हे म्हणतात, "प्रेमानंद अन् विसरणार? त्यानं माझ्याकडून नेलेलं पुस्तक सोडून त्याले सगळं आठवते." पुरुषांना काही समजत नाही.

मेघा

---

नागपूर
९ ऑगस्ट

प्रिय मेघा,

आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे, वाढू का, वाढ, एवढंच.

तू सांगितलंस तसं मी सुरू केलं. सहज विचारल्यासारखं वार विचारला. अचूक. क्वार्टरचा नंबर विचारला, तर तुमचा, आमचा आणि मागच्या ओळीत राहायचे त्या चौकीदाराचाही सांगितला. हिमानीच्या बारशाला कोण कोण आलं होतं ते सांगितलं, त्यात दोन नावं अशी की मीच विसरले होते. मला हायसं वाटावं की नाही? पण मग मोगऱ्याचं काय? घुशीचं काय? जितकं बरोबर सांगायचे तितकी मी जास्त गोंधळायचे.

शेवटी मी मूर्खासारखं साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवलं. यांनी स्वतःचा चहा केला, एक घोट घेतला आणि थू थू करत मोरीवर गेले. मग डबा उघडून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पोळी लाटत होते, हात थांबला. मला लपवता येत नाही, तुला माहीत आहे.

"नंदा, तू माझी परीक्षा घेऊन राहिली का?"

मी पोळी तव्यावर टाकली.

"वार विचारते, क्वार्टर विचारते, अन् आता मीठ. वेडा झालो वाटते तुले?"

मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा ना काय झालं ते! खाट अलग, अत्तर लपवून, मेलेल्या घुशीपाशी बसून मोगरा. मी काय समजू?"

हे एकदम खाली बसले, तिथेच, ओट्याला टेकून. मला वाटलं, आता सांगतील. तोंड उघडलंही होतं. "नंदा, मले ना…" आणि खालून रितिकानं हाक मारली, काका, नळ आले, मोटर लावता का? हे उठले. मोटर लावून आले ते सरळ गच्चीवर गेले. जेवायला तेवढे खाली येतात. झाडांवर बुरशी पडली आहे, सगळ्या पानांवर पांढरी पिठी. सतत पाऊस आणि वारा नाही. हे एकेक पान पुसत बसतात, मी खालून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकते.

माझंच काही चुकलं का? की मीच काही बघायचं विसरते आहे?

नंदू

---

नागपूर
२२ ऑगस्ट

मेघा,

तुझं उत्तर यायच्या आधी लिहिते आहे. अक्षर समजून घे.

आज विहारात वर्षावासाचं प्रवचन होतं. मी दूध बारीक गॅसवर ठेवलं, गच्चीकडे ओरडून सांगितलं, "दुधाकडे लक्ष द्या," आणि गेले. हो म्हणाले की नाही ते ऐकलं नाही. प्रवचनात मन लागेना, म्हणून लवकर उठले. पाऊस होता, घराच्या सगळ्या खिडक्या बंद. मी जिना चढत होते आणि अर्ध्यातच मला गॅसचा वास आला. असा की घसा धरला.

धावत वर गेले. स्वयंपाकघरात हे उभे. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू. यांनी सांडलेलं दूध फडक्यानं नीट पुसलं होतं, चहाचं पातेलं चढवलं होतं, आणि हातात लायटर. शेगडीकडे नेत होते.

मी कशी ओरडले ते मला माहीत नाही. "ठेवा! ठेवा ते!" यांनी दचकून लायटर सोडला. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, यांच्या दंडाला धरून ओढत खाली आणलं, रितिकाला तिच्या बाळासकट बाहेर काढलं. समोरच्या घराच्या छज्ज्याखाली आम्ही उभे राहिलो. हे विचारत होते, "काय झालं? अवं, झालं काय?"

मी म्हटलं, "सगळं घर गॅसनं भरलं! तुम्हाले वास नाही आला?"

हे घराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले काहीच वास येत नाही, नंदा. जानेवारीच्या तापापासून. कशाचाच नाही."

मेघा, रस्त्यावर माणसं जमली होती. रितिकाचं बाळ रडत होतं. आणि मी तिथे उभी राहून यांच्या छातीवर मुठी मारत होते आणि रडत होते. लोकांना वाटलं असेल, बाई घाबरली. मला राग आला होता. आणि राग होता की काय होतं ते मला आत्ता लिहितानाही कळत नाही. सगळं एकामागून एक आठवत होतं. जळकी भाजी. घूस. मोगरा. ठेचा. तो अत्तरवाला. हे आंधळ्यासारखे माझ्या घरात वावरत होते आणि मी त्यांच्या साखरेत मीठ घालत होते.

पण मग हेही येतं मनात: जानेवारीपासून रोज "छान झालं" म्हणत होते. ते सगळं खोटं होतं. मी कोणासाठी फोडणी देत होते?

आता झोपले आहेत. आपल्या खाटेवर. मीच परत ओढून आणली.

नंदू

---

नागपूर
२ सप्टेंबर

मेघा वहिनी,

सप्रेम जय भीम. नंदानं मले सगळं सांगितलं. तुम्ही दोघींनी मिळून आधी मले बाईच्या नादी लावलं अन् मग माझं डोकं फिरवलं. अनंताले सांगा, त्याचं पुस्तक माझ्यापाशी नाही.

तुम्हाले राग येऊन राहिला असन की हा माणूस बायकोपाशी काहून बोलला नाही. मी लिहून पाहतो. बोलाले मले जमत नाही.

प्लांटवर होतो तेव्हा जळक्या केबलचा वास सगळ्यांत आधी मले येत होता. साहेब लोक म्हणत, प्रेमानंदले बोलवा, मशीनपेक्षा याचं नाक खरं. घरी आलो की फाटकातून भाजी ओळखायची. ही काही मोठी गोष्ट नाही, पण माझ्यापाशी दुसरं काय होतं? नंदा मास्तरीण, तिले लोक बाई म्हणून नमस्कार करत. माझं नाक होतं. ताप उतरला अन् एक दिवस ती पाटवडीचा रस्सा घेऊन आली. वाफ तोंडावर आली, अन् काहीच नाही. गरम पाण्याची वाफ असते तशी. खाल्लं तर जिभेले मीठ-तिखट तेवढं समजे. ती समोर उभी होती, मी काय म्हणतो ते ऐकाले. मी म्हटलं, वा.

एकदा वा म्हटलं की दुसऱ्या दिवशी पण म्हणा लागते, वहिनी.

वाटे, वास आज येईन, उद्या येईन. म्हणून झाडं आणली. एकाचा नाही तर दुसऱ्याचा, दुसऱ्याचा नाही तर तिसऱ्याचा येईन. मोगऱ्याचं खोटं बोललो ते रितिकाच्या समोर लाज वाटली म्हणून. रोपांत बसलेला माणूस काही तरी वास आला म्हणूनच बसला असन ना? अन् खाट अलग केली ती याच्यासाठी की माझ्या अंगाले काही वास येत असन तर मले कळणारच नाही. तिनं नाक दाबून झोपावं अन् सांगू नये, तशी ती आहे. म्हणून आंघोळी.

पण खरं दुःख वेगळं होतं, ते मी नंदाले पण नाही सांगितलं. ती बाजूनं गेली तरी समजे नाही. आधी पाठमोरा असलो तरी समजे की ही आली. खोबरेल तेल, खडू, कांदा, असं काही तरी एकत्र. आता ती एकदम समोर येते अन् मी दचकतो. तिले वाटते, हा काही तरी लपवून राहिला.

हे तुम्ही तिले सांगा, की सांगू नका, तुमच्यावर सोडतो.

तुमचा भाऊ
प्रेमानंद

---

पारशिवनी
१५ सप्टेंबर

नंदू,

भाऊजींचं पत्र यासोबत तुले पाठवून राहिली. शेवटचा भाग वाच. त्यांनी माझ्यावर सोडलं, अन् मले असं वाटते की ज्याचं आहे त्याच्याकडं गेलं पाहिजे.

मले माझीच लाज वाटून राहिली. मी स्वतः बहिरी. चारचौघांत कोणी काही बोललं की मी हसते, हाव हाव करते, कारण किती वेळा विचारू, काय म्हटलं? लोकांना वाटते मेघाबाई मोठी हसमुख. अन् हे सगळं करणाऱ्या मले भाऊजींचं "वा" ओळखू नाही आलं! सावनेरचं बिऱ्हाड आठवलं, सासरे आठवले, स्वतःचे कान नाही आठवले.

तू लिहिलं की सगळं खोटं होतं. मले तसं नाही वाटत वं. पण माझ्या वाटण्याचा भरवसा तू किती ठेवायचा ते तूच पाह्य. दोनदा चुकली आहे.

दवाखान्यात गेले का? गॅससाठी काही वाजणारं यंत्र मिळते म्हणतात, ते लावून घ्या आधी.

मेघा

---

नागपूर
२१ नोव्हेंबर

प्रिय मेघा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही. पण हिमानी येऊन गेली, दिवाळी झाली, हवा जरा कोरडी झाली, आणि आज लिहायचंच असं मनाशी म्हटलं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. वाईट काही नाही. तापानंतर कोणाकोणाचं असं होतं म्हणे. परत येईल का, विचारलं. येऊ शकतं, नाहीही. महिनेही लागू शकतात, वर्षंही. मी म्हटलं, डॉक्टर, नक्की सांगा ना काही. ते म्हणाले, बाई, नक्की मलाच माहीत नाही. हे बाहेर येऊन म्हणाले, "चांगला डॉक्टर आहे."

व्यायाम दिला आहे. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, एकेक डबी नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. हे डोळे मिटून बसतात, मी डबी धरते. मी तर शाळेतच गेल्यासारखी होते. आणि हे विचारतात, "कसा आहे, सांग." मेघा, तू कधी वास शब्दांत सांगून पाहिलास का? मी इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवले आणि लवंगेचा वास कसा, हे मला सांगता येईना. "तिखट." तिखट तर चव झाली. "काळा." हे हसले, म्हणाले, काळा कसा असेल? पण काळाच आहे ना गं? दात दुखल्यावर आई गालात ठेवायची, तसा. एवढं सांगितलं तेव्हा यांनी मान हलवली. आता जेवतानाही सांगते. आज वरणाला लसूण जास्त लागला. आज पोळी किंचित करपली, मी गप्प बसणार होते. रोज ताट वाढल्यावर मी बोलते आणि हे ऐकतात. कधी चिडतात. "पुरे, जेवू दे." कधी मी विसरते तर विचारतात.

तू पाठवलेलं यांचं पत्र मी कपाटात ठेवलं. खोबरेल तेल, खडू, कांदा. मी त्याबद्दल यांना काही बोललेले नाही. फक्त आता खोलीत शिरताना आधी बांगड्या वाजवते. यांच्या लक्षात आलं आहे की नाही, माहीत नाही.

गेल्या आठवड्यात एक झालं. मी डबी धरली आणि हे डोळे मिटूनच एकदम ताठ झाले. "लवंग!" म्हणाले. "नंदा, लवंग आहे ना? आली! जरा आली!" चेहरा लहान पोरासारखा. आणि माझ्या हातात निलगिरी होती. हो म्हणू? हो म्हणणं किती सोपं होतं! मग मला कळलं की यांनी जानेवारीत "वा" कसं म्हटलं असेल. इतकंसं असतं ते. मी म्हटलं, "नाही हो. निलगिरी आहे."

यांनी डोळे उघडले. डबी बघितली. मला वाटलं, आता उठून जातील. पण डबी स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, "काही तरी आलं होतं, पण." मी म्हटलं, "असेल." खरंच असेलही. की नुसती थंडगार हवा लागली असेल नाकाला. मला माहीत नाही, यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी एकटेच नर्सरीत गेले. मागे मागे जावंसं वाटलं, गेले नाही. परत आले ते एक कुंडी घेऊन. मी भाजी निवडत होते. समोर ठेवली. अबोली. पानांच्या मधून दोन तुरे, त्या नारिंगी-गुलाबी पाकळ्या. आपल्या कॉलनीत मागच्या ओळीत होती.

मी म्हटलं, "हिचा काय उपयोग?"

"उपयोग काही नाही," हे म्हणाले. "हिले वासच नाही. नर्सरीवाला सांगत होता, कोणालेच येत नाही. मले नाही, तुले पण नाही. मी म्हटलं, हेच दे."

आणि गच्चीवर घेऊन गेले. मी भाजी तशीच ठेवून मागे गेले. यांनी मोगऱ्याच्या दोन कुंड्या सरकवून तिला मध्ये जागा केली, पाणी घातलं, आणि एक तुरा तोडून माझ्या हातावर ठेवला. मी सवयीनं तो नाकाशी नेला.

काही नाही, मेघा. पाणी असावं तसं. मी पुन्हा हुंगला, जोरात. रंग हातात होता, पाकळ्यांचा मऊपणा ओठाला लागत होता, आणि आत काहीच येत नव्हतं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आता समजलं?" हळूच विचारलं यांनी.

मी मान हलवली. मग यांनी माझ्या हातातून तुरा घेतला आणि माझ्या मागे जाऊन केसांत खोचायला लागले. या माणसानं जन्मात कोणाच्या केसांत फूल माळलेलं नाही. दोनदा खाली पडला.

तुझी
नंदू